ठकीचा म्हातारचळ

ठकी घोड्यांच्या हिशेबात केव्हाच आजीबाई झाली होती. पण ऊन तापायला लागलं की तिला अजूनही माज यायचा, आणि मग तिचा म्हातारचळ बघावा! शेपटी वर, कान टवकारलेले, आणि शेजारच्या सुताराच्या घोड्यासाठी कुंपणाच्या कडेनं नुसत्या येरझाऱ्या. तो बिचारा खच्ची केलेला, वर अर्धा बहिरा. पण प्रेम आंधळं म्हणतात ते काय उगीच?

तिच्या मालकिणीला, म्हणजे निवृत्त मास्तरीणबाईंना, हसायची सोय नव्हती. ठकीच्या पुढच्या खुरांना जुनं दुखणं होतं. गोड पोटात गेलं, कोवळं गवत जास्त झालं, की खुरांच्या आत सूज यायची, आणि त्या कडक कवचात सुजेला जागा कुठली? मग पाऊल टेकवणं म्हणजे निखाऱ्यावर उभं राहणं. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की दुखणं पुन्हा उलटलं तर हाती एकच इंजेक्शन उरेल, शेवटचं.

आणि ही बया टणक जमिनीवर दिवसभर पाय आपटत हिंडत होती! आत बांधावं, तर गोल गोल फिरून, लाथा झाडून घामाघूम व्हायची. इकडे आड, तिकडे विहीर. त्या दिवशी ऊन कलल्यावर बाईंनी तिच्या पायाच्या मागची नाडी चाचपली, तर ती ठणठण उडत होती. खूरही गरम लागले. बाईंनी तडक डॉक्टरांना फोन लावला.

फोनवर डॉक्टर म्हणाले, औषध धाडतो, पायांवर गार पाणी सोडा, पण आधी तिला एका जागी उभी करा. ज्याच्यासाठी एवढं चाललंय, त्यालाच आणून शेजारी बांधा.

आता सुताराशी तर बाईंनी दोन वर्षं अबोला धरलेला. झालं होतं असं, की तो कुंपणावरून ठकीला मायेनं पाव, सफरचंदं भरवायचा. त्या गोडानं तिचे पाय धरले आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात त्याला खुनी म्हणाल्या. जिभेला हाड नसतं हे खरं, पण बाईंच्या जिभेला धारही होती. तेव्हापासून सुतार कुंपणाकडे पाठ करून काम करायचा.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. बाईंनी चपला अडकवल्या. वाटेत चांगली तीन वाक्यं जुळवली होती, पण त्याच्या दारात एकही आठवेना.

"ठकी जाईल हो माझी," एवढंच बोलल्या. "तुमचा घोडा चार दिवस द्याल का?"

सुतारानं रंधा खाली ठेवला. बाईंना वाटलं, आता हा सगळं उट्टं काढणार. पण त्यानं घोडा सोडला, त्याच्या पाठीवर भुशाची दोन पोती टाकली आणि निघाला.

तबेल्यात आल्यावर त्यानं मधल्या आडोशाच्या वरच्या फळ्या काढल्या, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसेल. ठकीच्या पायांखाली भुसा चांगला जाड पसरला. ठकीनं आधी किंचाळून तोरा मिरवला, मग फळीवर हनुवटी टेकली आणि थांबली. खरंच थांबली. त्या ठोंब्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, गवत चघळत राहिला. बाई तिच्या पायांवर पाणी सोडू लागल्या. सुतार बादल्या भरून देत होता.

मग त्यानं विचारलं, ती नाडी कुठं असते. बाईंनी त्याचा हात धरून बरोबर जागेवर ठेवला. बोटांखाली ती उसळत होती.

"बाई, हे मला तेव्हाच का नाही दाखवलंत?" तो म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारी आहे, लाड करावेत."

मठ्ठातल्या मठ्ठ पोराला बाईंनी एकच गोष्ट दहादा समजावली होती, जन्मभर. आणि ह्या माणसाला एकदाही नाही.

"शिकवायचं सोडून नुसती ओरडले मी," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

थोड्या वेळानं नाडी पुन्हा बघायची, असं त्याला सांगून त्या म्हणाल्या, तुम्ही गेलात तरी चालेल. तो म्हणाला, माझ्या घोड्याला परक्या घरी करमत नाही. धडधडीत थाप होती ती, पण बाईंनी चालवून घेतली. तो पालथ्या बादलीवर बसून राहिला.

दिवे लागले तेव्हा त्यानंच पुन्हा ठकीच्या पायाला हात लावला.

"उतरल्यासारखी वाटते. आधी कशी उसळत होती."

बाईंनी त्याच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवून पडताळून पाहिलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता दुसरा पाय बघा."