बटणाचं पुढे काय झालं

जेवता जेवता छोटीने चमचा ताटावर तीनदा आपटला आणि घसा ताणून ओरडली, "ठक ठक ठक! दार उघडा हो, बटण आलंय दारात!"

तिच्या आईने हातातला घास ताटात ठेवला.

"हे कुठे ऐकलंस तू?"

"वाचनालयात. शेजारच्या काकू नेतात ना शनिवारी, तिथे. गोष्टीआजोबा सांगतात. एक बटण असतं, ते शर्टावरून तुटतं आणि..."

"आणि जिन्यावरून घरंगळत खाली जातं," आई म्हणाली. "वाटेत त्याला वाकडी सुई भेटते. ती म्हणते, मला सोबत ने."

छोटी डोळे मोठे करून बघत राहिली. "तुला कसं माहीत?"

माहीत नसायला काय झालं! ती गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती, कुठल्या रेडिओवर लागली नव्हती. ती तिच्या आईने, म्हणजे छोटीच्या आजीने, स्वतःच्या डोक्यातून काढलेली होती आणि जगात एकाच पोरीला सांगितलेली होती.

"त्या आजोबांच्या भुवया कशा आहेत गं?"

"जाड. बोलताना एक वर जाते आणि दुसरी खालीच राहते."

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. ताट तसंच ठेवून ती उठली आणि नळाखाली उगाचच भांडी आदळायला लागली. भुवई वर नेऊन बोलणारा असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, आणि त्याचं तोंड बघायचं नाही असं तिने आई गेली तेव्हाच ठरवलं होतं.

गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणतात, कारण ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिची आई शर्टांना बटणं लावायची. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, बटणांच्या पिशव्या यायच्या, आणि दुपारभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आईची सुई चालायची. वडील छापखान्यात रात्रपाळीला. म्हणजे दुपारी झोपलेले. म्हणजे दुपारी घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही. मधली भिंत अशी पातळ की इकडे पळी पडली तर तिकडे माणूस उठून बसायचा.

त्या दुपारी आई पोरीला बटणाची गोष्ट सांगायची. हळू आवाजात, सुईच्या चालीवर. बटण गल्ल्या ओलांडायचं, मोचीच्या दुकानातला गंजका खिळा त्याची टर उडवायचा, इस्त्रीवाल्याचा निखारा त्याला चटका द्यायचा, आणि शेवटी दमून ते एका बंद दारापाशी पोचायचं. इथे आईचं भान सुटायचं. बटणाने दार ठोठावायचं आणि त्याचा आवाज होऊ द्यायचा नाही, हे तिला जमायचंच नाही. रोज ठरवायची, रोज विसरायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पत्र्याचं अंगुस्तान टेबलावर आपटायची, ठक ठक ठक. आणि लगेच भिंतीवर पलीकडून मूठ बसायची.

"झोपू द्याल की नाही मला? हळू बोलता येत नाही?"

आई दाताने दोरा तोडायची आणि पुढचा शर्ट घ्यायची.

अशी कित्येक वर्षं गेली. पोरगी मोठी झाली, गोष्टी मागायचं वय सरलं, लग्न झालं. दोन वर्षांपूर्वी आई गेली. भेटायला आलेल्या लोकांसमोर खुर्चीत बसून वडील म्हणाले, "घर एकदम शांत झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. चष्मेवालीने पायात चपला घातल्या आणि निघाली, ती परत त्या घरात गेली नाही. आयुष्यभर ज्याला शांतता हवी होती, त्याला मिळाली एकदाची! बस म्हणावं आता तिला कुरवाळत.

आणि तोच माणूस आता गावभरच्या पोरांना गोळा करून गोष्ट सांगतोय. आईची गोष्ट. लाज कशी वाटत नाही?

शनिवारी तिने दुकानातून सुट्टी घेतली. काकू छोटीला घेऊन आधीच गेल्या होत्या. ही रस्ताभर मनाशी बोलत निघाली. आज सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि वडिलांच्या तोंडून वदवून घ्यायचं की गोष्ट कोणाची आहे. बाकी काही नको. आईचं काहीच उरलं नव्हतं. तिने लावलेली बटणं कुणाकुणाच्या अंगावर विटून गेली असतील. उरली होती ती ही एवढी गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर चढत होती.

वाचनालयात नुसता बाजार भरला होता. एका कोपऱ्यात निवृत्त मंडळी बुद्धिबळाच्या पटावर भांडत होती. जिन्याखाली बायका लोकरीचे गुंडे घेऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीत कोणी तरी तरुणांना मुलाखतीला कसं बसायचं ते शिकवत होतं, आणि ते तरुण मोबाइलात डोकं घालून बसायचं कसं ते दाखवत होते. दाराशी फळा होता. वय वर्षे तीन ते त्र्याण्णव, सर्वांचे स्वागत. आज गोष्टीचा शेवट!

शेवट! चष्मेवालीने तो शब्द वाचला आणि थेट ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी गेली.

"तुमच्याकडे ती बटणाची गोष्ट चालते ना, ती चोरीची आहे."

ग्रंथपालबाई गोड हसल्या. अशा हसल्या की बघणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. "अहो, गोष्टी काय, सगळ्यांच्याच असतात. तोंडातोंडी फिरत राहतात."

"ही फिरत नव्हती. ही एकाच तोंडात होती."

"पण आजोबा फार लाघवी आहेत हो. आधी नुसते पेपर वाचायला यायचे. मी म्हटलं, वर शांत खोली आहे, तिथे बसा. तर नको म्हणाले. पोरांच्या गोंगाटात खुर्ची टाकून बसायचे. मग एक दिवस आपणहून म्हणाले, मी सांगू का गोष्ट? शेवट तेवढा दर शनिवारी पुढे ढकलतात, म्हणून आज मीच फळ्यावर लिहून टाकलं."

लाघवी! हा शब्द तिने वडिलांच्या संदर्भात जन्मात ऐकला नव्हता. उत्तर न देता ती आत गेली आणि मागच्या खुर्चीवर बसली.

सतरंजीवर पोरं दाटीवाटीने बसली होती, भिंतीकडेने त्यांचे आईबाप, मागे म्हातारी माणसं. मधल्या खुर्चीत वडील. वाळले होते. भुवई मात्र तीच. त्यांनी सुरुवात केली आणि चष्मेवाली खुर्चीत पुढे सरकली. शब्द आईचे होते. खिळ्याचा खवचट आवाज आईचा होता. आई सुईत दोरा ओवायला जिथे थांबायची, तिथे हेही थांबत होते. पोरं हसत होती, एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते.

म्हणजे हा माणूस झोपलेला नव्हताच! भिंतीपलीकडे पडून अक्षर न् अक्षर ऐकत होता आणि वर झोपमोड झाली म्हणून ओरडत होता. तिला उठून ती खुर्चीच खेचावीशी वाटली.

बटण दारापाशी आलं. वडिलांनी बोटाच्या पेराने खुर्चीच्या हातावर आवाज केला, ठक ठक ठक. पोरांनी श्वास रोखला. वडिलांनी वर पाहिलं, आणि त्यांची नजर मागच्या खुर्चीवर गेली.

बोट खुर्चीच्या हातावरच राहिलं.

"पुढे?" एक पोरगा म्हणाला. "कोणी उघडलं दार?"

"पुढे..." वडिलांचा चेहरा एकदम उजळला, आणि तेच तिला सहन झालं नाही. "पुढचं ती सांगेल. ती बघा, मागे बसलीय. माझी मुलगी. तिला माहीत आहे शेवट."

सगळ्या माना वळल्या. छोटीने "आई!" म्हणून आरोळी ठोकली. वडिलांनी छोटीकडे पाहिलं, मग पुन्हा चष्मेवालीकडे, आणि ही आपलीच नात, हे त्यांना कळलं असावं. चष्मेवाली उभी राहिली.

"मला माहीत नाही."

"असं काय करतेस? सांग ना. मुलं खोळंबलीत." वडील जरा पुढे झुकले. "मला इथपर्यंतच ऐकू यायचं. पुढे ती तुला अगदी हळू सांगायची ना. मी कान देऊन असायचो, पण भिंतीतून काही यायचं नाही."

"हळू?" तिचा आवाज फाटला. "हळू नाही, बाबा. ती सांगायचीच नाही. तुमची मूठ बसली की तिचं तोंड मिटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा त्याच दारापाशी तुमची मूठ. एकदासुद्धा ते दार उघडलं नाही. एकदासुद्धा!"

पलीकडे बुद्धिबळवाल्यांचं भांडण तेवढं ऐकू येत होतं.

"म्हणजे शेवट नव्हताच?" वडील म्हणाले.

"होता. तिच्याजवळ होता. तो ती घेऊन गेली."

"अगं, तिच्या आवाजाने मला झोप लागायची," ते पुटपुटले. "नुकता डोळा लागायचा आणि ते ठक ठक. मी दचकून उठायचो. मला वाटलं, निदान तुला तरी..." हात मांडीवर पडून राहिले.

तिला दया आली का? आली, थोडी. त्या दयेचाच तिला संताप आला. आईने जन्मभर जे गिळलं, त्याच्यावर ही एवढीशी फुंकर मारून मोकळे?

इतक्यात ग्रंथपालबाई टाळ्या वाजवत पुढे आल्या. "किती छान! मग आपण असं करू या का? प्रत्येकाने आपापला शेवट लिहायचा! मोठ्यांनीसुद्धा! कागद आणि रंग आहेत माझ्याकडे."

"कोणी काही लिहायचं नाही!" चष्मेवाली अशी कडाडली की बाईंच्या हातातले कागद हातातच राहिले. "तिचा शेवट रंगवायला हा काय चित्रकलेचा तास आहे? गेला तो. गेलाय म्हणून सांगा पोरांना."

छोटी पुढच्या ओळीत उभी राहिली होती. तिला आजी आठवत नव्हती, भांडण कळत नव्हतं. तिला गोष्ट हवी होती.

"आजोबा, आजीला गोष्ट पुरी करू दिली नाही?"

"नाही," वडील म्हणाले.

"कोणी?"

वडिलांनी चष्मेवालीकडे पाहिलं. तिच्या लहानपणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं अशा नजरेने पाहिलं. एक शब्द टाकून तिने त्यांना सोडवावं, पोरीला हाताला धरून घरी न्यावं, एवढंच ते मागत होते. ती जागची हलली नाही.

"सांगा ना, बाबा. इथे कोणी झोपलेलं नाही."

"मी," वडील म्हणाले. पण ते शर्टाच्या कॉलरलाच सांगितल्यासारखं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानामागे हात धरले, एकमेकांना विचारलं, काय म्हणाले, काय म्हणाले?

"मोठ्याने," ती म्हणाली.