काठाला न लागलेला चेंडू

“लागला सर. काठाला लागला,” असं म्हणत दुकानदाराने आपल्या बाजूचा टेबल टेनिसच्या टेबलाचा काठ बोटाने चोळून दाखवला, जणू तिथे मुका मार बसला होता.

चेंडू काठाला लागलेला नव्हता. काठ आणि चेंडू यांच्यामधून एखादं मांजर सहज चालत गेलं असतं. चेंडू सरळ भिंतीवर आपटला, बाकाखाली गेला आणि तिथे कुणी काढेल या आशेवर पडून राहिला. पण दुकानदाराने गुण सरांना देऊन टाकला होता आणि त्या गुणासरशी सर सामना जिंकले होते. हॉलमधल्या बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाने टाळ्या वाजवल्या. त्या जरा आधीच सुरू झाल्या, असं सरांना वाटलं.

सर टेबलाच्या अलीकडे डाव्या हातात बॅट धरून उभे होते. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवा हात अंगाला नुसता सोबत म्हणून होता. त्यांनी बाकाखालच्या चेंडूकडे पाहिलं, मग काठाकडे, मग दुकानदाराच्या तोंडाकडे. दुकानदार खेळाचं सामान विकत असे. बूट चावतोय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘वापरून सैल होतो’ हे तो ज्या चेहऱ्याने सांगे, तोच चेहरा त्याने आत्ता लावला होता.

“बरं,” सर म्हणाले. बॅट त्यांनी टेबलावरच ठेवली, आधाराची काठी घेतली आणि ते घरी निघाले. बॅट घरी न नेता ते पहिल्यांदाच जात होते. प्रशिक्षकाच्या ते लक्षात आलं, पण जिंकलेल्या माणसाला काय विचारणार?

दुकानदार आणि प्रशिक्षक हे दोघंही सरांचेच विद्यार्थी. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात सर ‘खेळाचं तत्त्वज्ञान’ हा विषय शिकवत. तास जेवणानंतर असे. विद्यार्थी पहाटेपासून धावलेले, उड्या मारलेले, गोळे फेकलेले असत. वर्गात येईपर्यंत त्यांच्या अंगात झोप तेवढी शिल्लक राही. इतकी धडधाकट माणसं एका वेळी, एका खोलीत, तोंडं उघडी टाकून झोपलेली पाहण्याचा योग फार थोड्या लोकांना येतो. सरांना तो आठवड्यातून दोनदा येई. शरीरशास्त्राच्या बाईंकडे निदान एक सांगाडा तरी होता. सरांकडे साधन म्हणून फक्त एक प्रश्न होता आणि तो ते दरवर्षी पहिल्या तासाला विचारत : उंच उडीच्या दांडीखालून माणूस आरामात चालत जाऊ शकतो. मग वरून कशाला जायचं?

दरवर्षी कुणीतरी सांगे, “सर, खालून गेलं तर मेडल देत नाहीत.”

“आणि दिलं तर?” सर विचारत. इथपर्यंत येता येता अर्धा वर्ग निजलेला असे.

उरलेल्या अर्ध्याला सर सांगत, की सोपी वाट समोर दिसत असताना आपण होऊन अवघड वाट घ्यायची, यालाच खेळ म्हणतात. तो अवघडपणा आपल्याला समोरचा गडी पुरवतो. म्हणून तो जीव तोडून खेळला तर घरी जाण्याआधी त्याचे आभार मानायचे, कारण त्याने आपल्याला हिशेबात धरलं. जो चोरून जिंकतो त्याला मेडल मिळतं, पण तो खेळलेला नसतो. एवढंच. हे एवढंच सर उभं आयुष्य सांगत आले. याचा पुढे उपयोग काय, असं त्यांना प्राचार्यांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून घेतलं होतं. सासऱ्यांनी तर लग्नाआधीच विचारलं होतं.

झटक्यानंतर सर डाव्या हाताने टेबल टेनिस शिकले. पहिले काही दिवस चेंडू जाळीशी ओळख करून परत येई. मग एकाएकी सर जिंकू लागले. दुकानदाराशी जिंकले, प्रशिक्षकाशी जिंकले, एकदा तर दोघांशी पाठोपाठ जिंकले. धडधाकट असताना उजव्या हाताने सरांनी जेवढे सामने जिंकले नव्हते, तेवढे त्यांनी या वर्षात डाव्या हाताने जिंकले. काही दिवस त्यांची अशी प्रामाणिक समजूत झाली होती, की आपण मुळात डावखुरे आणि आयुष्यभर चुकीच्या हाताने खेळलो. घरी त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. बायकोने मान डोलावली आणि त्यांच्या शर्टाची बटणं काढली. बटणं लावायचं आणि काढायचं काम आता तिच्याकडे होतं. ती ते भराभर उरके आणि तेवढा वेळ सर छताकडे बघत.

त्या संध्याकाळी सर लवकर घरी आले, तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“हरलात का?” तिने विचारलं.

“जिंकलो.”

“मग तोंड का असं?”

“चेंडू काठाला लागला म्हणे. लागला नव्हता.”

तिने एक टॉवेल उचलला आणि त्याची घडी घातली. त्या टॉवेलाची घडी आधीच घातलेली होती. सर बराच वेळ त्या टॉवेलाकडे बघत राहिले.

“तू सांगितलंस त्यांना,” ते म्हणाले.

तिने नाही म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, मन प्रसन्न ठेवा. मग तिने त्या दोघांना गाठून सांगितलं, की बाबांनो, त्यांना जरा जिंकू द्या. “तुमचं मन प्रसन्न करायला मी आणखी काय करणार होते? गाणं मला येत नाही.”

“चोरून जिंकणारे मी पुष्कळ पाहिले,” सर म्हणाले. “चोरून हरणारे पहिल्यांदाच पाहिले. हा भाग मी शिकवलाच नव्हता.”

“मग चूक तुमचीच.”

एरवी यावर सर हसले असते. आज ते खुर्चीत बसले आणि काठी मांडीवर आडवी घेऊन तिच्यावरून हात फिरवत राहिले. “अगं, ते माझ्याशी खेळतच नव्हते,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “मी एकटाच उड्या मारत होतो तिथे. जन्मभर एकच गोष्ट सांगितली, तीसुद्धा एकाच्याही डोक्यात शिरली नाही.”

ती उरलेल्या घड्या घालत राहिली.

पुढे काही दिवस सर हॉलवर गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले, मग हवा बरी नाही म्हणाले, मग कारण सांगायचंही सोडून दिलं. प्रशिक्षक घरी येऊन गेला. तुमच्याशिवाय मजा नाही सर, असं तो दारातच तीनदा म्हणाला. सरांनी त्याला प्रेमाने बसवलं, चहा पाजला आणि हॉलच्या छताची गळती थांबली का, याची चौकशी केली. खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पायात बूट चढवून घेतले. “बॅट आणतो,” ते बायकोला म्हणाले. “उगाच तिथे पडलीय.” सर खेळ कायमचा सोडताहेत, हे ती समजली. तिने बटणं लावली आणि या वेळी ती भराभर लागली नाहीत.

हॉलमध्ये दुकानदार होता, प्रशिक्षक होता आणि एक बाई होती. तिचे केस कानांवर पिकले होते, पण ती भिंतीला टेकून अशी उभी होती, की सरांनी तिला लगेच ओळखलं. ही झोपाळू. महाविद्यालयात ती लांब पल्ल्याची धावपटू होती आणि सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, सगळ्या वर्गात सर्वांत गाढ झोपत असे. आता मुलींच्या एका शाळेत ती खेळ शिकवत होती. शाळेसाठी जाळी घ्यायला ती दुकानात आली आणि सर इथे खेळतात असं कळल्यावर हॉलवर आली.

“खेळायचं का सर एक?” तिने विचारलं.

“मी बॅट न्यायला आलोय,” सर म्हणाले.

“मग बॅट हातात घ्यावीच लागेल तुम्हाला.”

सरांनी बॅट घेतली. त्यांच्या पाठीमागे प्रशिक्षकाने भुवया वर-खाली केल्या आणि तळहाताने हवा दाबत ‘हळू, हळू’ अशी खूण केली. खिडकीच्या काचेत ती सरांना स्वच्छ दिसली.

“तुझ्या डोळ्यात काही गेलंय का रे?” झोपाळूने त्याला मोठ्याने विचारलं. प्रशिक्षक डोळे चोळत बाकावर बसला. मग ती सरांकडे वळली. “सर, तुमची उजवी बाजू कच्ची आहे ना?”

“आहे.”

“मी तिकडेच टाकणार. आधीच सांगते.”

दुकानदाराने डोळे मिटून घेतले.

आणि तिने तिकडेच टाकले. एकामागून एक चेंडू सरांच्या उजव्या अंगाला येऊ लागले. त्या बाजूला जायचं तर सरांना आधी पायाची मनधरणी करावी लागे आणि पायाचा होकार येईपर्यंत चेंडू भिंतीशी पोचलेला असे. तिने दया दाखवली नाही. गंमत म्हणूनही एखादा चेंडू हातात आणून दिला नाही. सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी उभं राहायची जागा बदलली, टेबलाला पोट टेकवून पाहिलं, सर्व्हिस आखूड केली. बाकावरचे दोघं वर्गातसुद्धा कधी बसले नसतील इतके जागे बसले होते.

मग सरांच्या लक्षात आलं, की प्रत्येक फटक्यानंतर ती एक पाऊल मागे जाते. पुढचा चेंडू नेमका त्यांच्या डाव्या हाताशी आला. मारण्याचा आव आणून सरांनी तो जाळीच्या पलीकडे अलगद सोडला. ती झेपावली. बॅट पोचली नाही. चेंडू तिच्या बाजूला दोन टप्पे घेऊन थांबला.

“च्!” झोपाळू म्हणाली आणि तिने बॅट आपल्याच मांडीवर मारून घेतली.

ती चिडली होती. एक पाय लुळा, एक हात निकामी अशा म्हाताऱ्या माणसाने तिचा एक गुण घेतला होता आणि ती मनापासून, खोटं नाही, चिडली होती. या वर्षात मिळालेल्या सगळ्या टाळ्या सरांनी या एका आवाजावरून ओवाळून टाकल्या असत्या. पुढचा चेंडू तिने आधीपेक्षा जोरात हाणला. सर हरले. त्याला दुसरा कुठलाही शब्द लावता येणार नाही इतके हरले.

ते बाकावर बसले. धाप कमी व्हायला वेळ लागला. मग त्यांनी तिला विचारलं, “माझ्या वर्गात तू काय शिकलीस गं?”

“खरं सांगू? वर्गातलं मला काही आठवत नाही,” झोपाळू म्हणाली. “मी झोपायची. पण कुठून कसं आत गेलं कोण जाणे, त्यानंतर मला मुद्दाम हरताच येत नाही. घरी लेकाशी पत्ते खेळते, तो हरतो, रडतो. सासूबाई म्हणतात, हरावं गं आईने. नाही जमत. मध्ये शाळेच्या व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात चेंडू आमच्या संघातल्या एका मुलीच्या बोटाला लागून बाहेर गेला. पंचांना दिसलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केला. आम्ही हरलो. मुख्याध्यापक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.” तिने कानावरचे केस मागे सारले. “नवरा म्हणतो, त्या विषयाने तुझं वाटोळं केलं.”

“आणि ती मुलगी?”

“ती आता मलाही सोडत नाही. परवा म्हणाली, बाई, तुमचा पाय रेषेवर होता.”

सर हसायला लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डाव्या हाताच्या पालथ्या मुठीने डोळे पुसत. पुसायला तीच मूठ होती. मग त्यांनी तोच हात पुढे केला.

“तुझे आभार,” ते म्हणाले.

तिने तो हात दोन्ही हातांत धरला.

दुकानदार उठून समोर येऊन उभा राहिला. “सर,” तो म्हणाला, “तो चेंडू लागला नव्हता.”

“माहीत आहे. मांजर जाईल एवढी जागा होती.”

“काकूंनी सांगितलं म्हणून आम्ही...”

“तिची समजूत मी घालीन. उद्या ये तू. आणि बूट बदलून ये, या बुटांत तू घसरतोस. वर्षभर बघतोय.”

निघताना प्रशिक्षकाने त्यांच्या हातात बॅट दिली. सरांनी ती पुन्हा टेबलावर ठेवली. राहू दे म्हणाले, उद्या इथेच हवी.

दार उघडताना बायकोने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, आज पुन्हा त्यांना कुणीतरी जिंकवलं.

“हरलो,” सर म्हणाले. “सपाटून. एक गुण मिळाला फक्त. पण तो माझा.”

तिने त्यांना पाणी दिलं, समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. सरांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या खेपेला जाळीपलीकडचा चेंडू जास्तच आखूड पडला, पण तिने हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीसारखी बटणांना हात घालायला आली, तेव्हा सर म्हणाले, “थांब.”

ती थांबली. सरांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत वरचं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. तिचे हात आपोआप पुढे गेले. तिने ते मागे नेले आणि पाठीशी एकात एक अडकवून ठेवले. खाली रस्त्यावरून प्रशिक्षकाने हाक मारली. “जरा दम धर,” खिडकीतून ती म्हणाली. “सर शर्ट घालताहेत.”

मग खुर्ची ओढून ती समोर बसली.

शेवटचं बटण आलं, तेव्हा त्याच्यासाठी काजच उरलं नव्हतं. वर कुठेतरी एक चुकलं होतं. तिला ते मघाशीच दिसलं होतं. ती बोलली नव्हती. सरांनी खाली पाहिलं, सगळी बटणं एकेक करून काढली आणि या वेळी खालून सुरुवात केली.

तिने खुर्ची जरा पुढे घेतली.