ओला पिवळा पंख

पौषातली सकाळ. कृष्णेच्या पाण्यावरून उठलेलं धुकं कऱ्हाडच्या घाटावर रेंगाळलेलं, आणि नदीपलीकडे उसाला तुरे आलेले. रुपेरी तुरे, लवलवते तुरे, वारा नसतानाही हलणारे चंचल तुरे. त्या सकाळी स्वस्थ असं काही नव्हतंच, आणि सगळ्यांत अस्वस्थ होती पुष्पलता.

पुष्पलता पिसाळ. पायाला भिंगरी, हाताला चाळा, जिवाला घोर. पहाटेपासून तिनं धुतलेली भांडी पुन्हा धुतली, चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. "अगं, बस की जरा," सर्जेराव म्हणाले. "त्या चादरींना तरी दम खाऊ दे." नवऱ्याचं ऐकेल तर ती पुष्पलता कसली. ती जिना चढून वर, लेकीच्या खोलीत आली.

लेक दूर विदर्भात, विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत. आज देवयानी पहिल्यांदा एकटी उडणार होती. शेजारी शिकवणारा नाही, चुकलं तर सावरणारा नाही. अफाट, निराधार आभाळ आणि त्यात एकटी पोर. तिकडचं धुकं विरलं की ती निघणार, एवढं सर्जेरावांकडून कळलं होतं. त्यांच्याकडूनच, कारण मायलेकींत अबोला होता.

अबोला श्रावणातला. चांगलं स्थळ सांगून आलं होतं आणि पुष्पलतेच्या हातांना हळद कालवायची घाई झाली होती. देवयानीनं बॅग भरली. "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," आई म्हणाली. लेक आईच्याच वळणावर गेलेली, तिनं ते अक्षरशः पाळलं. मधल्यामधे सर्जेराव इकडचे निरोप तिकडे करून मेटाकुटीला आले होते.

खिडकीशी टेबल, आणि टेबलावर देवयानीनं अर्धवट सोडलेलं विमान. तळहातावर मावेल एवढं. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून जुळवलेलं, अंगभर करडं अस्तर मारलेलं. करडं विमान, मुकं विमान, रंगाची वाट बघत राहिलेलं विमान. शेजारी रंग फवारायचा एअरब्रश, पेनाएवढा, चकचकीत. त्याला नळीनं हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर. सुटीत देवयानी इथं तासन्‌तास बसायची आणि मेथी निवडणाऱ्या आईला सगळं समजावून सांगायची. आईनं त्यातलं निम्मं ऐकलं होतं.

तेवढं निम्मं आता आठवलं. रंग दुधाइतका पातळ करायचा. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. पुष्पलतेनं पिवळी बाटली उघडली, रंग पातळ केला, पदर नाकावर बांधला. कॉम्प्रेसर घुरघुरला. रद्दीच्या कागदावर आधी नुसती हवा गेली, मग रंगाची एक वेडीवाकडी पिचकारी. तिनं बोट सैल केलं, पुन्हा ओढलं, आणि मग विमान हातात घेतलं.

मग ते घडलं. एअरब्रशच्या टोकातून पिवळं धुकं उमललं. तलम, तरल, सुवर्णधूसर धुकं. करड्या पंखावर ते उतरलं, कुंचल्याची रेघ नाही, केसाचा ओरखडा नाही. नुसती उजळत जाणारी पीतप्रभा. तिचा हात इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत राहिला. जन्मभर ज्या हाताला 'स्वस्थ राहा' म्हणून दटावलं गेलं, तो हात या कामाला चपखल बसला होता. का, ते तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त बरं वाटत होतं, पहाटेपासून पहिल्यांदा.

सर्जेराव दारात येऊन उभे राहिले. फोन हातात होता.

"धुकं विरलं म्हणे. निघाली ती. एकटी."

पुष्पलतेचा हात थांबला. बोट मात्र बटणावरच राहिलं.

एकाच जागी रंग साचला, फुगला, जड झाला आणि पंखावरून ओघळ उतरू लागला. भुईकडे, खाली, हळूहळू. ती बघत राहिली. लेक वर आहे आणि मी तिच्याशी बोललेली नाही, एवढंच तिच्या मनात होतं. तिला काही झालं तर आपलं शेवटचं बोलणं कुठलं, हेही तिला आठवलं, आणि ते तिला सोसेना. घाईघाईनं तिनं पदराचं टोक ओघळावर टेकवलं. पदर पिवळा झाला, पंखावर ओरबाडल्यासारखा डाग उमटला.

"द्या तो फोन," ती म्हणाली.

"काय सांगू तिला?"

"तुम्ही काही सांगू नका. मी बघते."

तिनं बिघडलेल्या पंखाचा फोटो काढला. पिवळ्या बोटांनी, काचेवर ठसे उमटवत, तिनं लिहिलं: 'आई लिहितेय. ओघळ आला. पुसायला गेले तर जास्तच बिघडलं. आता काय करू?' आणि पाठवून दिलं. इतक्या महिन्यांचा ताठा त्या चार ओळींत उतरला.

उत्तर नाही. उत्तर येणार कुठून, पोर आभाळात. पुष्पलता खिडकीशी गेली, दाराशी गेली, पुन्हा खिडकीशी आली. सर्जेराव जिन्याच्या पायरीवर बसले आणि आज त्यांनी तिला बस म्हटलं नाही. कॉम्प्रेसर अधूनमधून आपोआप घुरघुरायचा, थांबायचा. जीव टांगणीला लागलेला, ऊन चढत चाललेलं.

फोन वाजला.

"आई," पलीकडून आवाज आला. श्वास लागलेला, मागे कोणी हसत असलेलं. "हात थांबला ना तुझा?"

पुष्पलतेनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"रंग सुटला की हात थांबवायचा नसतो, आई. सांगितलं होतं मी. तू तेव्हा मेथी निवडत होतीस."

"उतरलीस?"

"उतरले. नीट उतरले. आता सगळ्यांनी मिळून अंगावर बादल्या ओतल्यात. पहिल्यांदा एकटं उडलं की इथं भिजवतात. निथळतेय नुसती."

"थंडीत? केस पूस आधी," आई म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. पलीकडे लेकही रडू लागली, आणि अबोला तिथंच संपला.

"पंखाला हात लावू नकोस," नाक ओढत देवयानी म्हणाली. "फुंकरही मारू नकोस. पूर्ण वाळू दे, मग बारीक पॉलिश पेपरनं घासू आणि पुन्हा रंगवू. मी सुटीला आले की."

पुष्पलतेनं विमान खिडकीत ठेवलं. खुर्ची ओढली आणि बसली. तिकडे उन्हात लेक वाळत होती, इकडे उन्हात पंख वाळत होता, आणि दोन्हींना हात न लावता आई बसून राहिली. नुसती बसून राहिली.