आठ दिवसांच्या बोलीवरचा हिरा

मी हिरा बोलतोय, आणि रागानं बोलतोय. हिऱ्यानं नुसतं चमकावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण आज मला चमकायचं नाही, बोलायचं आहे.

गेला आठवडाभर लीला नावाची एक बाई माझ्यापायी धड झोपली नाही. मी तिच्या पदराच्या गाठीत होतो, त्यामुळे तिचं पुटपुटणं मला सगळं ऐकू यायचं. ‘खराच आहे ना? की मीच शहाणपणा करून काच उचलून आणली?’ मग कूस बदलायची. ‘आणि खरा असला, तरी आपल्याला लाभेल का?’

पहिल्या प्रश्नाचा मला राग नाही. पैसे मोजणाऱ्यानं शंभरदा विचारावं. दुसऱ्या प्रश्नानं मात्र मी पेटलो. का, ते सांगतो.

माझा जन्म पन्नाच्या खाणींकडच्या मातीतला. कुणी चाळणीत धरलं, कुणी सुरतेला नेऊन पैलू पाडले, आणि मी गावाचा सारा वसूल करणाऱ्या एका मालगुजाराच्या अंगठीत जाऊन बसलो. त्याचं बोट सदा कुणाकडे तरी रोखलेलं असायचं. त्या बोटावर बसून मी पुष्कळ माणसं मान खाली घालून उभी असलेली पाहिली. मालगुजारी गेली तशी अंगठीही मोडली. मला उकरून काढणाऱ्या सोनाराला घाई होती, त्यात माझ्या कडेचा बारीकसा टवका उडाला. तेव्हापासून मी सुटा. हिंगणघाटात, भैयाजी सराफाच्या दुकानात, कागदाच्या पुडीत. आकारानं ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, हे मी आधीच कबूल करतो.

लीलाची नणंद यमुना, तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी हिऱ्याची चमकी मागितली होती, आणि या घरची रीत अशी, की नवरीच्या नाकातली चमकी भावजयीनं घेऊन द्यायची. खडा खोटा निघाला तर सासरी यमुना टोमणे खाणार आणि इकडे लीला, तेही जन्मभर. लीलाजवळ होते ते माहेरच्या एकदाणीचे मणी मोडून आलेले पैसे. त्यात काय ते बसवायचं. नवरा रूपराव जिनिंगमध्ये. कापसाच्या हंगामात त्याला मान वर करायची फुरसत नसते. म्हणून ती, सासू जयवंताबाई आणि चार वर्षांची छबू, अशा तिघी दुकानात आल्या.

भैयाजीनं आधी काढली ती तयार चमकी. खडा माझ्या दुप्पट, चारी बाजूंनी सोन्यात बंद केलेला, नुसता लखलखत होता.

“हे पाहा. मालगुजारी घरातली चीज. एकदम लाभलेली.”

पुडीतल्या पुडीत मी तडफडलो. मालगुजाराच्या घरातला मी! त्या खड्याच्या तळाशी चकचकीत वर्ख दाबलेला आहे, लखलखतो तो वर्ख. खडा काढून पांढऱ्या कागदावर ठेवा, जुन्या दातासारखा पिवळट दिसेल. पण कुणी काढून बघत नाही. मोठा दिसला की माणसं खूश.

“याची पाठ पाहता येईल का?” लीलानं विचारलं.

“पाठ पाहून काय करता, बाई? नाकात का उलटी घालता?”

जयवंताबाई हसल्या. लीला लाल झाली, पण हटली नाही. “मंग सुटे दाखवा.”

लहानपणी ती अमरावतीला मामाच्या सराफी दुकानात खेळायची. मामा शिकवायचा, पैसा कमी असेल तर सुटा घ्यावा, लहान घ्यावा, पण पांढरा घ्यावा. दिव्याखाली बघू नये, सावलीत बघावा. कडेला टवका असेल तर भाव पाडून खुशाल घ्यावा, तो सोन्याखाली झाकला जातो. लीलानं पुडी ओट्यावर सावलीत नेली. एकेका खड्यावर तोंडाची वाफ सोडली; माझ्यावरची टेकते न टेकते तोच उडून गेली. मग मला छापील कागदावर पालथं ठेवलं. काचेतून अक्षरं दिसतात, माझ्यातून दिसेनात. शेवटी आडवा धरून कड पाहिली आणि टवक्यावर नखाचं टोक ठेवलं.

“इथं फुटला आहे, भैयाजी. भाव उतरवा.”

माझं व्यंग तिनं चारचौघांत दाखवलं, आणि मला ते आवडलं. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं नीट पाहिलंच नव्हतं. भाव उतरला.

“एवढुसा?” जयवंताबाई म्हणाल्या. “लोक म्हनतीन, पोरीच्या नाकावर तीळ आहे.”

तेव्हा भैयाजीनं त्याची नेहमीची बोली टाकली. “सुटा खडा आठ दिवस घरी ठेवा. लाभला त पैसे द्या, नाई लाभला त बिनदिक्कत वापस. भैयाजी एक सवाल करनार नाई.”

बायांना हा माणूस देवासारखा वाटतो. मला विचारा. या बोलीवर मी कितीतरी घरं पाहून आलो. एका घरी म्हैस आटली, मी परत. एका घरी जावयाचा पाय मुरगळला, मी परत. एका घरी तर नुसतं दूध नासलं, तेवढ्यावर परत. आठ दिवसांत काहीच बिघडत नाही असं घर आहे कुठे? भैयाजीला हे पाठ आहे. सुटा खडा परत येतो, आणि भ्यालेलं माणूस वर्खाची चमकी घेऊन जातं. ती चमकी तो बोलीवर कधी देत नाही. लबाडी त्याची, आणि नाव माझं खराब.

या खेपेला बिघडलं ते छबूचं. माझ्या येण्याच्या आदल्याच दिवशी वस्तीत देवीची लस टोचणारा येऊन गेला होता. आठवडा सरता सरता तिच्या दंडावरचा फोड टरारला आणि पोर तापानं फणफणली.

“म्या म्हनलंच होतं,” जयवंताबाई तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत म्हणाल्या. “खडा घरात आला अन् पोरगी पडली.”

“आत्याबाई, लसीनं ताप येतेच. टोचनारा सांगून गेला होता.”

“तुले काय, सगळं कोनी ना कोनी सांगूनच जाते.”

लीलानं पट्टीसाठी ताजं पाणी आणून ठेवलं. सातवी पास झालेली बाई, लशीचा धडा पोरांना शिकवू शकेल अशी. पण सासूची पाठ वळताच तिनं पदराची गाठ सोडली आणि मला पुरचुंडीत बांधून लांबच्या खुंटीला, पोरीपासून दूर, टांगून आली. वर स्वतःलाच म्हणाली, ‘वा, शिकल्याचं चीज झालं.’

त्या खुंटीवर मी जो संतापलो, तसा मालगुजाराच्या बोटावरही संतापलो नव्हतो. अहो, मी दगड आहे. मला ताप आणता येत नाही आणि उतरवताही येत नाही. आणता आला असता, तर आधी त्या मालगुजारालाच आणला नसता का? माझा रंग बघा, कड बघा, पाहिजे तेवढी खोट काढा. पण तुमच्या घरची म्हैस, तुमचा जावई, तुमचं दूध, यांचा माझ्याशी काय संबंध?

बाजाराच्या दिवसापर्यंत छबूचा ताप उतरला. जयवंताबाईंच्या मनातलं उतरलं नव्हतं. मला परत करायला तिघी दुकानात आल्या, तेव्हा भैयाजीनं वर्खाची चमकी आधीच गादीवर काढून ठेवलेली होती.

लीलानं ती पाहिली. मग म्हणाली, “भैयाजी, हे बी आठ दिवस देता का? दोन्ही ठेवून पाहू. जे लाभन ते घेऊ.”

“नाई, बाई. बसवलेला माल बाहेर जात नाई.”

“काऊन?”

“ते त लाभलेलीच आहे. मालगुजारी घरातली.”

“मालगुजाराची त मालगुजारीच गेली. त्याले कुठं लाभली?”

लीलाचा आवाज आता खाली येत नव्हता. “पोरीले ताप लसीनं आला. मले मालूम होतं, तरी मी भ्यायली. तुमचं दुकान त्याच्यावरच चालून राह्यलं. सुटा खडा घरी पाठवाचा, अन् घरात काई बिघडाची वाट पाहत बसाचं. उघडा त्या चमकीची पाठ.”

शेजारच्या कापडवाल्याकडची माणसं मान वळवून बघायला लागली.

“पाठ उघडली त माल खराब होते,” भैयाजी म्हणाला. “मावशी, तुम्ही तरी सांगा सुनेले.”

जयवंताबाई इतका वेळ चमकीकडेच बघत बसल्या होत्या. आता त्यांनी भैयाजीकडे बघितलं. “उघडूच देत नाई?”

“अवो, माल खराब—”

“माह्या बापानं दात पाहू न देनाऱ्याचा बैल कधी दावनीले बांधला नाई.” त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “लीला, तुहा तीळच घे. पन पोरीले पुन्हा ताप आला, त मी गप बशीन असं नोको समजू.”

लीलानं पैसे दिले आणि मला पुन्हा पदराला बांधलं. मी बोलतोय तो त्याच गाठीतून, सोनाराकडे जाता जाता. माझ्यामागे वर्ख दाबू नका असं ती त्याला बजावणार आहे. वाटेत दोनदा घोकून झालं. यमुनेचं सासर मला लहान म्हणेल, म्हणू दे. तुम्हाला एवढंच विनवतो, की खडा घेताना त्याची पाठ मागा, आणि एकदा पारखून घरी नेलात की घरातलं दुखणंखुपणं त्याच्या माथी मारू नका. माझा राग अजून गेलेला नाही. ही बाईही अजून मधूनमधून पोरीच्या कपाळाला हात लावून बघते, तेही मला दिसतंय.

बाजारातल्या गर्दीतून छबू आईचं बोट धरून चालत होती. लीला वाकून म्हणाली, “काऊन व छबू, गप काऊन? भ्यायली का मी भांडली त?”

छबूनं आपला टोचलेला दंड दुसऱ्या हातानं धरला आणि म्हणाली, “तो सुईवाला बी रेवडी देतो म्हने, अन् देल्ली नाई. त्याच्यासंग काऊन नाई भांडली?”