खालचा आवाज

धाकटी बहीण जाऊन एकवीस वर्षं झाली होती, तरी तिचा आवाज आठवड्यातून तीन-चारदा मोठीच्या कानावर पडायचाच. मोठी एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. दुपारी मुलांच्या वॉर्डात पडदे ओढले की स्पीकरवर ती अंगाई लागे, आणि धुतलेल्या कपड्यांची गाडी ढकलत वर आलेली मोठी दारातच थबके. दोन बायकांचे आवाज. एक वर चढणारा, दुसरा त्याच्या खालून सावलीसारखा चालणारा. वरचा धाकटीचा, खालचा आपला.

वाफेनं आणि सोड्यानं मोठीचा घसा केव्हाच गेला होता. पण स्पीकरच्या त्या जाळीच्या डब्यात दोघी अजून शेजारीशेजारी उभ्या आहेत, असं तिला वाटे. धाकटी सव्वीसचीच. अंगावर काटा यायचा, तरी पाय निघत नसे.

बाळंतपणानंतर तीन महिन्यांत धाकटी गेली. तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला आणि पोर मोठीच्या पदरात आली. मोठीनं तिला त्याच गाण्यावर निजवलं.

ही भाची एक दिवस फोन घेऊन समोर बसली.

"मावशी, हे बघ. एकट्या यंदाच्या वर्षात एकेचाळीस लाख वेळा वाजलंय."

"वाजू दे की. चांगलं आहे गाणं."

"मग तू इस्त्री का करतेस?"

मोठीला हसू आलं. रेकॉर्ड कंपनीचं मानधनाचं पाकीट वर्षातून एकदा यायचं. गेल्या खेपेला त्यात दोन दिवसांचं दूधही निघालं नव्हतं.

भाचीनं ऐकलं नाही. रजा टाकायला लावून तिनं मोठीला कंपनीत नेलंच. तिथल्या कारकुनानं जुनी फाईल काढली, चष्मा कपाळावर सरकवला.

"ही बघा सही. दोघींना बिदागी एकरकमी. पुढच्या कमाईतून शंभरातला एक भाग, तोही खर्च वजा जाता."

"कसला खर्च?" भाचीनं विचारलं.

"स्टुडिओ, वादक, जाहिरात."

"एकवीस वर्षं झाली. अजून फिटला नाही?"

कारकुनानं आवाज खाली आणला. "बाळ, मी पगारी माणूस. सगळ्यांची पाकिटं मीच भरतो. तुम्हाला ज्यांची नावं तोंडपाठ आहेत ना, त्यांचीही. मोजके सोडले तर एकाच्याही पाकिटातून घरभाडं भागत नाही. कुणी शिकवण्या करतं, कुणी दुकानात बसतं."

मोठी उठायला लागली. भाची मात्र हलेना.

"पैशांचं राहू द्या. मला आईचा एकटीचा आवाज ऐकवाल? दोघींचे इतके सारखे आहेत, मला वेगळे करता येत नाहीत."

कारकुनानं फाईल मिटली. मग त्यानं चिठ्ठी लिहून दिली.

तळघरात म्हातारा रेकॉर्डिस्ट जुन्या टेप संगणकावर उतरवून घेत होता. मोठीला त्यानं पाहताच ओळखलं, पण त्याचा चेहरा खुलला नाही.

"कशाला वेगळं करून ऐकता, ताई? एकत्रच गोड लागतं ते."

"पोरीची हौस आहे."

त्यानं टेप चढवली. आधी वरचा आवाज एकटा आला. साज नाही, काही नाही. ओळींच्या मध्ये श्वास, कागदाची सळसळ. भाचीनं डोळे मिटले. संपल्यावर ती हलकेच म्हणाली, "आता तुझा लावू दे, मावशी."

रेकॉर्डिस्टचा हात बटणापाशी अडला. मग त्यानं ते दाबलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग धाकटी बोलली, अगदी कानाशी बोलावी तशी, "थोडं सांभाळून घ्या हं. ताईसारखं लागायला हवं."

आणि ती खालचं गाऊ लागली.

मोठीनं टेबलाची कड धरली. तो ठेहराव मोठीचा होता, ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळणं तिचं होतं. गळा मात्र तिचा नव्हता.

"त्या दिवशी तुमचा घसा बसला होता," रेकॉर्डिस्ट खाली बघून बोलू लागला. "तुम्ही गायलात, पण ते ठेवण्यासारखं नव्हतं. मालक म्हणाले, दुसरी कुणी आणू, मोठीची बिदागी कापू. दुसऱ्या दिवशी ही एकटीच आली. पोटुशी होती. दोन ओळी गायच्या की बसायची. म्हणाली, मला जादा काही नको, पण ताईचं नाव राहू द्या, तिचा वाटा राहू द्या. तिला कळू देऊ नका."

"आणि माझं कुठे आहे?"

"तुमचं पुसलं, ताई. टेपच्या त्याच पट्टीवर तिनं गायलं."

तळघराचा जिना चढताना मोठीला सगळं आठवलं. त्या बिदागीतून मोठीनं तेव्हा दोन महिन्यांचं भाडं भरलं होतं, आणि धाकटीपाशी ऐट केली होती, की बघ, माझ्याही गळ्याला भाव आहे. धाकटी तेव्हा नुसती मान डोलवत होती.

त्यानंतर मोठीनं दुपारची पाळी बदलून घेतली. वॉर्डाच्या वाटेला जाणं तिच्यानं होईना. जाळीमागे आता दोघी नव्हत्या. एकटी धाकटीच होती, दोन्हीकडून गाणारी, आणि मधे मोठीची जागा पुसलेली. तिनं पाकीट भाचीच्या नावे करायचा अर्ज दिला. त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. शेवटी भाचीनं सही केली.

एका रविवारी सकाळी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मावशी, तू गा ना ते. खालचं."

"माझ्या गळ्याचं आता फाटकं पोतं झालंय."

"असू दे."

मोठीनं आणखी दोन शेंगा सोलल्या. मग शेंगांवरची नजर न काढता तिनं सुरुवात केली. सूर खरखरला, एका जागी तुटला, पुन्हा धरला. भाचीचा हात नकळत फोनकडे गेला.

"नको," मोठी म्हणाली. "हे घरातच राहू दे."

आणि तिनं पुढची ओळ घेतली.