धरलेला हात

शब्बाथच्या, म्हणजे पवित्र शनिवारच्या, दुपारी म्हातारे रब्बी हिलेल-नोयख प्रवचन गाऊ लागले, की पावाच्या भट्टीवाली फ्रुमेट प्रार्थनाघरातल्या बायकांच्या सज्जात डोक्याचा रुमाल डोळ्यांना लावायची. "न्यायामागे धावा, न्यायामागेच धावा," ही ओळ ते अशी आळवायचे, की वाटावं, न्याय खरंच नदीकाठाने पळतोय आणि रब्बी काठी टेकत त्याच्या पाठी लागलेत.

म्हणून नवरा गेल्यावर दीर झानव्हल म्हणाला, "वहिनी, भट्टी माझ्या बापाची. तुझा काय संबंध?" तेव्हा ती डगमगली नाही. गावचे निवाडे रब्बीच करायचे.

"चल रब्बींसमोर. तुझ्या त्या दोन भाडोत्री साक्षीदारांना पहिल्याच प्रश्नाला घाम फुटेल."

झानव्हललाही ते पक्कं ठाऊक होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी फळ्यांच्या पुलावर बर्फ धरलं होतं. तो रब्बींची वाट बघत उभाच होता. हात धरून त्याने त्यांना अलगद पलीकडे नेलं.

झालं! सकाळी रब्बी आसनावरून उठले. "याने माझ्यावर उपकार केलाय. मन कलणारच. मला या खटल्यात बसता येणार नाही."

"काय हा निःस्पृहपणा!" लोक भारावले. फ्रुमेटनेही मान तुकवली. शेजारगावचा न्यायाधीश आणला, तिने त्याला होकार दिला. त्या बिचाऱ्याला गावातलं काय माहीत? साक्षीदार गोड बोलले, आणि भट्टी गेली. रविवारी किल्ली द्यायची.

शब्बाथच्या सकाळी तोराची, धर्मग्रंथाची, गुंडाळी उलगडणार, तोच फ्रुमेट सज्जातून खाली उतरली, थेट पुरुषांत. वाचनाच्या चौरंगावर तिने पंजा ठेवला.

"थांबा! माझं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय वाचन नाही."

अन्याय झालेल्याचा हा हक्क वाडवडिलांपासूनचा.

"रब्बी, त्याने मुद्दाम हात धरला, हे कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं. पण उपकार तो उपकारच."

"मग तुम्हाला बसायला काही वाटच नव्हती?"

रब्बींनी दाढी कुरवाळली. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं.

"होती. ज्या बाजूचं नुकसान व्हायचं, ती म्हणाली, 'आम्हाला हेच चालतील,' तर बसता येतं."

"म्हणजे मी?"

"तू."

"मी तर डोळे मिटून हो म्हटलं असतं! मला सांगितलं का नाहीत?"

"लोक म्हणाले असते, रब्बी उपकार खाऊन न्यायाला बसला. मी... माझ्या नावाला जपलं, पोरी."

"आणि आता?"

"त्या न्यायाधीशाला तू होकार दिलास. निकाल पक्का झाला."

मागून झानव्हलचा आवाज आला. "हात उचल, वहिनी. लोकांना भुका लागल्यात."

"लागू देत. तुझं जेवण अजून माझ्याच भट्टीत शिजतंय!"

कुणीतरी फिसकन हसलं. पण तिने पंजा उचलला. वाचन सुरू झालं. ते ऐकायला ती थांबली नाही.

प्रार्थना संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळं गाव आपापलं भांडं न्यायला भट्टीवर आलं. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच आत सरकवलेल्या शेंगा-मांसाचा खमंग वास सुटला होता. तिने ज्याचं त्याला दिलं, झानव्हललासुद्धा. सगळ्यांत शेवटी रब्बी आले.

"दुपारी येशील ना प्रवचनाला?"

फ्रुमेटने त्यांचं भांडं फडक्यात नीट गुंडाळलं, गाठ मारली, त्यांच्या हातात दिलं.

"जपून जा, रब्बी. वाट निसरडी आहे. झानव्हलला हाक मारू?"