चार पाण्यांचा कंद

त्या वर्षी पावसानं भादव्यातच पाठ फिरवली आणि माघ लागेपर्यंत साखरशेत पाड्यावरच्या घरांतलं नागलीचं धान्य संपलं. माणसं पोराबाळांसकट कंद खणायला रानात जाऊ लागली, तशी शाळा ओस पडत चालली. कंद शाळेतच शिजवला तर पोरं टिकतील, असं शिक्षिका गौरानं ठरवलं. कडूकंद एकदाच उकडून तिनं पोरांपुढं ठेवला, आणि दुपारच्या आत सोम्या ओकून ओकून आडवा झाला.

सोम्याची आई कमू त्याला खांद्यावर टाकून निघाली. बाकीची पोरंही पाट्या आवरू लागली. आज गेली ती परत येणार नव्हती.

"गोजाबाईची लेक ना गं तू?" कमू दारातून म्हणाली. "अख्ख्या पाड्याला कंद शिजवायला शिकवलं तुज्या आयनं. तुला तेवढी सुट्टी दिली व्हय?"

गोजाबाईला जाऊन महिना झाला होता.

"आई असती तर..."

"तर आलीच असती. तपासणीचा सायब आला तवा नाय आली? सायबानं दोनदा मागून खाल्ला म्हणं. मरंस्तवर सांगायची, माज्या पोरीनं मला खुर्ची दिली."

गौराला तो दिवस आठवला. संस्थान विलीन झाल्यानंतरची ती पहिली तपासणी. आई पोरांना कंद शिजवणं शिकवायला टोपली घेऊन शाळेच्या पायरीवर उभी होती. "ही कोण?" साहेबांनी विचारलं होतं. "गावातलीच कुणी," गौरा म्हणाली होती. आईनं ते ऐकलं आणि टोपली उचलून ती निघून गेली.

आता गप्प राहिलं असतं, तर आईनं सांगितलेली खुर्ची तशीच खरी राहिली असती.

"खुर्ची नव्हती, वहिनी," गौरा म्हणाली. "मी ओळखसुद्धा दिली नाही. पायरीवरूनच परत गेली ती."

पोरांचे हात थांबले. कमूनं सोम्याला भिंतीच्या सावलीत निजवलं आणि पदर खोचला.

"पातळ कापा कर. राख घालून उकडायचं, चार पाणी बदलायचं, मग रातभर झऱ्यात बुडवून ठेवायचं. उद्या पोरांच्या आधी तू खा. तुजी आय तसंच करायची." ती पोरांकडं वळली. "बसा रे. बाईबी आज शिकतीय."

गौरा पोरांच्या रांगेत बसली. कुणी हसलं नाही. पोरं हसली असती तर बरं झालं असतं.